नाचणारीनं प्रेक्षकावर विश्वास का ठेवावा?

माझ्या सिनॉप्सिसमध्ये ‘विश्वास’ हा शब्द एकवीस वेळा आला होता. हे मला माहीत नव्हतं. आरआरसीच्या बैठकीत एका सरांनी तो पेन्सिलीने गोल करून मोजला होता. मी एम.एस्सी. केलं संख्याशास्त्रात आणि आता पीएच.डी. करतेय प्रयोगकलांच्या इतिहासात, त्यामुळे सरांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: “मॅडम, तुम्ही आकडेवारीतून आलात. मग हा विश्वास मोजणार कशानं? मोजता येत नसेल तर शब्द काढा.”

मला उत्तर देता आलं नाही. सुधारणा करून पुन्हा सादर करायला सांगितलं गेलं. सहा महिने गेले, पण त्या सहा महिन्यांत जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतेय. पेट झाली आहे, विषय डोक्यात आहे, पण त्यातला मुख्य शब्दच हातातून निसटतोय, अशी अवस्था असणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा.

विषय काय होता?

समकालीन नृत्यात गेल्या काही दशकांत एक प्रकार रुळला आहे. प्रेक्षक अंधारात खुर्चीत बसून राहत नाही. नर्तक त्याच्याजवळ येतो, त्याला हात देतो, कधी स्वतःचं वजन त्याच्यावर टाकतो, कधी पुढे काय करायचं ते त्यालाच ठरवायला सांगतो. याला प्रेक्षक-सहभागी प्रयोग म्हणू. अशा प्रयोगांच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असतं: कलाकार आणि प्रेक्षक यांच्यातल्या विश्वासाचा शोध.

माझ्या सिनॉप्सिसची सुरुवात अर्थातच परदेशातून होती. 1964 साली क्योटोमध्ये योको ओनो रंगमंचावर शांत बसली, समोर कात्री ठेवली आणि प्रेक्षकांनी एकेक करून येऊन तिच्या कपड्यांचा तुकडा कापून न्यावा असं सांगितलं. 1972 साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ ही पद्धत सुरू केली. दोन शरीरं एकमेकांवर भार टाकतात आणि त्या भारातूनच पुढची हालचाल सुचते. 1974 साली नेपल्समध्ये मरीना अब्रामोविचने टेबलावर 72 वस्तू मांडल्या. त्यात गुलाब होता, मध होता, कात्री होती, पिस्तूल आणि गोळीही होती. सहा तास ती काहीही करणार नव्हती, प्रेक्षकांनी या वस्तू तिच्यावर हव्या तशा वापराव्यात एवढाच नियम. सुरुवातीला लोक हळुवार वागले. पुढे कपडे कापले गेले, कातडीवर वार झाले, आणि कोणीतरी पिस्तूल तिच्याकडे रोखलं. पहिलं आणि तिसरं उदाहरण काटेकोर अर्थाने नृत्याचं नाही, पण समकालीन नृत्याच्या अभ्यासात ही तिन्ही येतातच.

हे सगळं लिहून मी निष्कर्ष काढला होता की, ‘प्रेक्षकाला प्रयोगात सामील करून घेणं ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली घटना आहे.’

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्या वाक्याखाली एकच ओळ लिहिली: “तुमच्या गावात लग्नानंतर गोंधळ घालत नाहीत का?”

अंगणातला प्रयोग

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात. गोंधळ घालतात की! माझ्या चुलतभावाच्या लग्नानंतर घातला होता. चौक मांडला, घट ठेवला, दिवटी पेटवली. संबळ, तुणतुणं, झांजा. नवरा-नवरीच्या हातात दिवटी दिली. मुख्य गोंधळ्याने गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावलं, मग आख्यान सुरू झालं. जोडीदार मधेमधे खोचक प्रश्न विचारायचा आणि आमच्यातल्याच कोणाला तरी त्यात ओढायचा. माझ्या मामांच्या टकलावर तर पाच मिनिटं गेली असतील. मामा रागावले नाहीत. रागवायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं, गोंधळ्यालाही माहीत होतं.

गोंधळ्यांकडे करपल्लवी नावाची एक विद्या असते. एक गोंधळी गर्दीत येतो. तुम्ही त्याच्या कानात एखादं नाव सांगता. तो काही बोलत नाही, फक्त हाताच्या खुणा करतो आणि लांब उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव मोठ्याने सांगतो.

करपल्लवीच्या एका जुन्या रूढ रचनेत वर्णमालेचे आठ वर्ग हाताच्या आठ आकृत्यांनी दाखवतात. आकृतीच्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजेच वर्ग: कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, टंकार म्हणजे ट-वर्ग, तरू म्हणजे त-वर्ग. वर्ग कळला की बोटांच्या संख्येवरून त्यातलं कितवं अक्षर ते कळतं, आणि चुटक्यांवरून मात्रा. ‘सीता’ सांगायचं तर श-वर्गाची आकृती, तीन बोटं, चार चुटक्या. मग तरूची आकृती, एक बोट, दोन चुटक्या. प्रत्येक अक्षराला तीन निर्देशांक. आम्ही एम.एस्सी.ला कोडिंगचा जो पेपर दिला, त्याच्या पहिल्या प्रकरणात हे उदाहरण सहज बसलं असतं.

पण इथे मुद्दा वेगळा आहे. कानात नाव सांगणाऱ्याला ठाऊक असतं की यात काहीतरी युक्ती आहे. तरी तो सांगतो, आणि नाव बरोबर आलं की टाळ्या वाजवतो. त्याने किती जोखीम घेतली? एका नावापुरती. नियम काय? नाव सांगायचं, गुपित नाही. आणि सांगायचं नसेल तर? हसून मान हलवायची, गोंधळी पुढच्याकडे जातो.

ही तीन प्रश्नांची मांडणी मला गोंधळाने दिली: जोखीम काय, नियम काय, आणि नाही म्हणायची सोय आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना मी सहज पोहोचले. तिसऱ्याचं महत्त्व कळायला लावणीच्या बैठकीपर्यंत जावं लागलं.

लावणी: समोरच्याला उत्तर देणारा नाच

ज्यांनी लावणी फक्त सिनेमात किंवा टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तमाशाचे दोन मोठे प्रकार. एक ढोलकी-फडाचा तमाशा: मोठा तंबू, गावोगावच्या जत्रा, गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. दुसरा संगीत बारी: इथे वग नसतो, गाणं आणि नाच हाच मुख्य भाग. एकेका पार्टीची रंगमंचावर पाळी लागते, ती ‘बारी’. पार्टी बहुधा बाईच्याच नावावर चालते. पुण्याचं आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातला चौफुला, सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब ही संगीत बारीची नावाजलेली ठिकाणं.

दोन्हीकडे प्रेक्षक गप्प बसलेला नसतो. तो दौलतजादा करतो, म्हणजे पैसे देऊन फर्माईश करतो. देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. गवळणीतला पेंद्या आणि मावशी समोरच्या रांगेतल्या पाटलाला, मास्तराला, नव्या फेटेवाल्याला संवादात ओढतात. वगाचे संवाद पूर्वी लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी हजरजबाबीपणा. आज समोर कोण बसलंय, काल गावात काय घडलं, त्यावर सोंगाड्या बोलणार.

बैठकीच्या लावणीत तर हे फारच बारीक होतं. कलावंत बसून अदा करते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी डोळे, भुवया, मान, हाताची बोटं यांतून वेगळा अर्थ काढते. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा विनवणी. ओळ तीच, पण ती कोणाकडे पाहून म्हणतेय त्यावर अर्थ बदलतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) या अदाकारीच्या थोर कलावंत. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता माझे तीन प्रश्न लावू. जोखीम कोणाची? प्रेक्षकाची जोखीम म्हणजे चारचौघांत थट्टा होणं आणि खिसा हलका होणं. बाईची जोखीम म्हणजे तिचं शरीर, तिची अब्रू आणि त्या रात्रीची कमाई. नियम काय? नोट द्यायची, हात लावायचा नाही. फर्माईश करायची, हुकूम नाही. आणि नकार? इथे लावणीची खरी करामत आहे. चांगली कलावंत नकार देते तो शब्दांनी नाही, अदेने देते. अंगचटीला येणाऱ्याला ती अशी कोपरखळी मारते की सगळी बैठक त्याच्यावर हसते आणि तो आपसूक मागे सरकतो. तिने त्याला नाकारलं, पण प्रयोग थांबला नाही.

नेपल्सच्या त्या प्रयोगात हे नव्हतं. तिथे कलाकाराने स्वतःच ‘मी काही करणार नाही’ हा नियम घालून घेतला होता. म्हणजे उत्तर देण्याचा रस्ता तिने आधीच बंद केला. मग लोक कुठपर्यंत जातात ते सहा तास दिसत राहिलं. मला वाटतं, त्या प्रयोगाने माणसांची परीक्षा घेतली, पण त्याला ‘विश्वासाचा शोध’ म्हणणं कठीण आहे. विश्वास दिसायचा तर ज्याने जोखीम घेतली आहे त्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि समोरच्याने ते ‘नको’ ऐकतो की नाही हे कळलं पाहिजे.

आरआरसीतल्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. विश्वास थेट मोजता येत नाही, पण नकार मोजता येतात. किती वेळा नकार दिला गेला, कोणी दिला, कोणत्या रीतीने, आणि त्यानंतर काय झालं. ही नोंद करता येते.

पण थांबा, इतकं गोड नाही हे

इथवर येऊन मी खूश झाले होते. प्रकरण लिहून टाकलं. मॅडमनी वाचून विचारलं, “नकार देणारीला दुसऱ्या दिवशी काय भोगावं लागत होतं, ते कुठंय?”

संशोधनात हा टप्पा येतोच. आपल्या आवडत्या विषयाला आपण सजवायला लागतो. लावणीबद्दल लिहिताना तर फारच. त्यासाठी तीन वाचनं सांगते.

पहिलं, शर्मिला रेगे यांचं. 1995 साली त्यांनी लावणी कलावंतांवर समाजशास्त्रीय निबंध लिहिला आणि 2002 साली लावणी व पोवाडा यांवर. लावणीतली शृंगारिक बाई ही प्रतिमा कोणी घडवली, तिचा फायदा कोणाला झाला आणि नाचणाऱ्या बायका कोणत्या जातींतून आल्या, हे प्रश्न त्यांनी एकत्र ठेवले.

दुसरं, डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’, 1994 सालचं आत्मकथन. लेखकाने बापाच्या जागी आईचं नाव लावलं, यातच अर्धं पुस्तक आलं. बैठकीतल्या रसिकाने शब्द पाळला नाही तर त्याचा हिशोब कोण चुकता करतं, हे त्या पुस्तकातल्या मुलाच्या बालपणात दिसतं.

तिसरं, शैलजा पाईक यांचं 2022 सालचं इंग्रजी पुस्तक, तमाशातल्या दलित स्त्रियांच्या इतिहासावर. ‘अश्लील’ हा शिक्का कोणावर बसला आणि कोणाला ‘अस्सल’ म्हणून मान मिळाला, हे त्या जातीच्या संदर्भात दाखवतात. पठ्ठे बापूरावांची एक घटना या सगळ्या चर्चेत नेहमी येते. ते जन्माने ब्राह्मण, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. महार समाजातल्या पवळाबाईंसोबत त्यांनी फड गाजवला. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न त्यांनी देऊ केलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं. आपल्या समाजातल्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको, ही ती भूमिका.

माझ्या तक्त्यात हाही एक नकार आहे, आणि तो प्रयोगाच्या आतला नाही. तो अख्ख्या व्यवस्थेला दिलेला आहे. म्हणून मला तक्त्यात एक रकाना वाढवावा लागला: ‘नकाराची किंमत’. ज्या बाईला दुसरा धंदा नाही, जात आडवी येते आणि घरातली सगळी माणसं तिच्या चाळांवर जेवतात, तिच्या बैठकीतल्या कोपरखळीला आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणू शकतो का? काही अंशी होय. पण ती कोपरखळी किती महाग होती, ते लिहिल्याशिवाय नाही.

गाजलेली गोष्ट पुरावा म्हणून कशी वाचायची?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) यांची एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

माझ्या विषयासाठी यापेक्षा मोठं उदाहरण नाही. म्हणूनच सावध राहावं लागतं. संशोधक म्हणून मी या गोष्टीला चार प्रश्न विचारले. एक, ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली आणि कोणाला? दोन, वेगवेगळ्या सांगण्यांत काय बदलतं आणि काय तसंच राहतं? तीन, सांगणाऱ्याला त्यातून काय म्हणायचं आहे: कलेवरची निष्ठा की पोटाची सक्ती? चार, गोष्टीत कोण गप्प आहे?

चौथ्या प्रश्नावर मी अडकले. ही गोष्ट सांगताना आपण म्हणतो, “काय ती निष्ठा!” पण नऊ महिन्यांच्या बाईला त्या रात्री ‘आज नको’ म्हणायची सोय का नव्हती, हे कोणी विचारत नाही. फडाचं गणित सोपं आणि कठोर असतं. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पंच येतात आणि सुपारी ठरते. हंगाम तेवढाच. कलावंतांनी फडमालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. खेळ मोडला तर गाव बिथरतं, तंबूवर दगड पडणं फडांना नवीन नाही. अशा व्यवस्थेत नकार शेवटी प्रेक्षकांनी दिला, तोही रक्त दिसल्यावर. 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावंतीणीची शेवटची वर्षं हलाखीत गेली, हेही याच गोष्टीला जोडून वाचायला हवं.

जालन्याची फाईल कुठे शोधायची?

आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी हा खास मुद्दा. तमाशावरच्या बहुतेक लेखांत येतं की स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, कलावंतांनी विरोध केला आणि पुढे अटी घालून ती उठवली गेली. त्यानंतर वगाची संहिता आधी लिहून, सरकारी मंडळाकडून तपासून घ्यायची पद्धत आली.

ही अट साधी वाटते. पण जो वग प्रेक्षकाकडे बघून रचला जायचा, तो आता कागदावर आधी दाखवायचा होता. सोंगाड्या आणि समोरची माणसं मिळून हद्द ठरवत होती. आता ती हद्द एका कार्यालयात ठरणार होती.

मी हे सगळं जालन्यालाही लागू करून टाकलं होतं. चूक! तेव्हा जालना मुंबई प्रांतात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद मुक्त झालं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. म्हणजे 1948 च्या आधीचा आमच्या भागातला जत्रा-तमाशाचा कागद शोधायचा तर तो हैदराबादच्या अभिलेखागारात, आणि बहुधा उर्दूत. मुंबईच्या फाईलवरून मराठवाड्याचा इतिहास लिहायचा नाही, हा धडा मला उशिरा मिळाला. तुम्ही सिनॉप्सिस लिहिण्याआधीच आपल्या जिल्ह्याच्या प्रशासकीय सीमा कोणत्या वर्षी कुठे होत्या, याचा एक साधा तक्ता करा. मी सध्या उर्दू लिपी शिकतेय. अडखळत का होईना, तारखा वाचता येतात.

मोबाईल खाली ठेवा, ताई

आता माझ्या स्वतःच्या फजितीबद्दल. जिल्ह्याबाहेरच्या एका कला केंद्रात मी मैत्रिणीसोबत गेले. ओळखीने, रीतसर परवानगी काढून. बैठक सुरू झाली. मी मोबाईल मांडीवर उभा धरून चित्रीकरण सुरू केलं. परवानगी आहे ना, मग झालं!

दुसरी ओळ घेताना ज्येष्ठ कलावंत थांबल्या. पेटीवाल्याने सूर तसाच धरून ठेवला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, ते खाली ठेवा. तुम्ही घरी जाऊन बघणार, मग इथं कोण बसलंय?”

सगळे हसले. मीही हसले, कान मात्र गरम झाले. मोबाईल पर्समध्ये गेला आणि पुढचा तासभर त्यांनी जे काही केलं ते मला आजही डोळ्यांसमोर आणता येतं.

नंतर चहा घेताना मी संमतीपत्र पुढे केलं. आचारसंहिता समितीने मंजूर केलेलं, दोन पानी, मराठीत. त्यांनी हात लावला नाही. “सही कशाला? सही केली की उचल अंगावर येते.” फडाच्या आणि बारीच्या जगात कागदावरची सही म्हणजे कर्ज. माझ्या दृष्टीने विश्वासाचा पुरावा असलेला कागद त्यांच्या दृष्टीने उलटाच होता. शेवटी तोंडी संमती घेतली, साक्षीदारासमोर, आणि ‘कधीही थांबवा म्हणू शकता’ हे दोनदा सांगून. समितीकडे तसा बदल मंजूर करून घेतला. क्षेत्रकार्य करणाऱ्यांनी ही तरतूद आधीच विचारून ठेवावी, नाहीतर तिथे जाऊन गडबड होते.

त्या रात्री वहीत पहिली नोंद केली: नकार क्र. 1, कलावंताकडून, संशोधकाला, थट्टेच्या रीतीने. परिणाम: प्रयोग पुढे चालू.

ज्यांना बसायलाच मिळालं नाही

एक रकाना अजून बाकी होता, तो आजीमुळे भरला.

गावी गेले की मी वही घेऊन ओट्यावर बसते. आजीने विचारलं, “काय लिहायलीस गं एवढं?” मी म्हटलं, तमाशावर लिहायले. तिला हसू आलं. म्हणाली, “आम्ही ऐकलाय तमाशा.”

पाहिला नाही, ऐकला. जत्रेच्या रात्री तंबू गावाबाहेर लागायचा. आजोबा, काका, गडी सगळे जायचे. घरातल्या बायका अंगणात बाज टाकून पडायच्या आणि वाऱ्यावर येणारी ढोलकी ऐकायच्या. कुठं टाळ्या आल्या, कुठं हशा झाला, यावरून गोष्ट जुळवायच्या. आजीला आजही एका वगाची कथा येते. ती तिने तंबूच्या बाहेरून, अर्धा मैल लांबून पाठ केली आहे.

‘प्रेक्षक’ हा शब्द मी दोन वर्षं वापरत होते तो फक्त पुरुषांसाठी, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं! कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातला करार म्हणताना, त्या करारात गावातल्या निम्म्या माणसांना जागाच नव्हती. त्यांना होकारही देता आला नाही आणि नकारही.

ही जागा आता थोडी उघडतेय. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 साली आलं. त्याआधी सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आला होता. या दोघांच्या ‘संगीत बारी’ या रंगमंचीय प्रयोगात बारीतल्याच कलावंत नाचतात आणि मधेमधे त्या जगाची गोष्ट सांगितली जाते. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत समोरच्यांशी थेट बोलतात, थट्टा करतात. आणि समोर बायका बसलेल्या असतात. सभागृहातला मध्यमवर्गीय प्रेक्षक हा नवा प्रेक्षक आहे. तो बैठकीचे नियम कुठे शिकतो, कुठे चुकतो आणि त्याला तिथे कोण थांबवतं, हे माझं पुढचं प्रकरण.

तुमच्यासाठी काम

सुधारित सिनॉप्सिस मंजूर झाला. ‘विश्वास’ हा शब्द आता त्यात चार वेळा आहे आणि पहिल्याच ठिकाणी त्याची व्याख्या दिली आहे: ज्या प्रयोगात जोखीम घेणाऱ्याला नकार देता येतो, समोरचा तो नकार मानतो आणि तरीही प्रयोग चालू राहतो, तिथे विश्वास आहे असं या अभ्यासापुरतं मानलं आहे. ‘या अभ्यासापुरतं’ हे शब्द महत्त्वाचे. व्याख्या जगासाठी द्यायची नसते, आपल्या कामापुरती द्यायची असते.

तुमच्या विषयातही असा एक गुळगुळीत शब्द असणार: विकास, सहभाग, जाणीव, सक्षमीकरण. तो किती वेळा आलाय ते आधी मोजा. मग तो शब्द न वापरता एक पान लिहून पाहा. जे दिसेल, ऐकू येईल, नोंदवता येईल तेवढंच लिहायचं. कोणाला जागाच नव्हती, याचा एक रकाना ठेवा. आणि परदेशातल्या उदाहरणापाशी जाण्याआधी घरच्या ओट्यावर एकदा विचारा.

आजीला मी विचारलं, प्रयोग पुण्याला आहे, येतेस का बघायला? ती म्हणाली, “आता काहून? आता ऐकू येत नाही नीट.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पुढं बसवशील का पण?”

माझ्या वहीत ही नोंद नेमकी कोणत्या रकान्यात घालायची, ते अजून ठरलेलं नाही. तिकिटं मात्र काढली आहेत, पहिल्या रांगेची.